आजही पट्टे आले

मी पाणी प्यायला आत गेले आणि गिलास धुऊन बाहेर आले, तर एक अनोळखी माणूस माझ्या कॉम्प्युटरसमोर वाकून फोटो काढत होता.

“ओ भाऊ, काय चाललं?”

तो दचकला नाही. मला आधी हेच खटकलं. साधा माणूस असता तर दचकला असता, निदान ओशाळला तरी असता. यानं शांतपणे कॅमेऱ्यावरून डोळा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि हसला.

“फोटो काढून राह्यलो.”

“ते दिसून राह्यलं मले. कोणाले विचारून?”

“काकाले विचारलं ना.”

काका म्हणजे माझे बाबा, गुलाबराव. ते माझ्या टेबलाच्या बाजूला, कोपऱ्यातल्या खुर्चीत तोंडावर पेपर घेऊन झोपले होते. श्वासाबरोबर पेपर वर-खाली होत होता.

“काय म्हणाले ते?”

“घोरले. मी हो समजलो.”

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. दुकानात बसणाऱ्या पोरीनं अनोळखी माणसाच्या पहिल्याच विनोदाला हसू नये, असं आई म्हणते. शिवाय माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाल्यानं आपणहून कोथिंबीर जास्त दिली तर मी आधी मेथी उलटून पाहते.

आणि त्या वर्षी संशय घ्यायला कारणही होतं.

वरवट बकालच्या बसस्टँडसमोर आमचा छापखाना आहे, मैत्री प्रिंटर्स. बाबा मशीन सांभाळतात आणि कॉम्प्युटरचं टेबल माझं. लग्नाच्या पत्रिका मी स्वतः मांडते, तयार साच्यातल्या नाही. पण मागच्या लगीनसराईपासून काय व्हायचं, मी एखादी नवीन पत्रिका केली की आठवड्याच्या आत तिची जुळी बहीण सोनाळ्यात निघायची. सोनाळ्याला आईचे मावसभाऊ हिंमतराव यांचा छापखाना आहे. आम्ही त्यांना हिंमतमामा म्हणतो. गिऱ्हाईक म्हणायचं, ताई, हे तं सोनाळ्यात पाह्यलं, जुनंच हाय. माझी पत्रिका, आणि मीच नकलाकार ठरायची.

बाबांनी शेवटी सांगून टाकलं होतं, “यंदाबी असंच झालं तं हे टेबल उचलू बाई. अकोल्यावरून तयार कार्डं आणू, नावं तेवढी छापू.”

टेबल उचलू म्हणजे मला उचलू, असंच मला ऐकू आलं. कारण टेबल गेलं की मी घरी, आणि घरी बसलेल्या पोरीसाठी दुसऱ्या दिवसापासून स्थळं येतात. त्या टेबलावर माझं सगळं होतं. म्हणून मी नियम केला, की छापण्याआधी एकही डिझाईन फाईल करून कोणाला पाठवायचं नाही. ज्याला पाहायचं त्यानं इथं येऊन स्क्रीनवर पाहावं.

आणि आता हा माणूस स्क्रीनचाच फोटो काढत होता.

“माही बहीण हाय ना, राखी, तिचं कार्ड टाकलं तुमच्याकडे,” तो म्हणाला. “आईले गुडघ्यायनं इथवर येता येत नाई. फाईल तुम्ही देत नाई म्हणे. मंग म्हटलं, फोटो काढून नेऊन दाखवू.”

“नाव?”

“धम्मरत्न. लग्नाचे फोटो काढतो मी.”

“गाव?”

“सोनाळा.”

माझ्या मनात पाल चुकचुकली. बाकी कुठलंही गाव सांगितलं असतं तरी चाललं असतं.

राखीची पत्रिका मी खरंच जीव लावून केली होती. मोठं पिंपळाचं पान, आणि पानाच्या शिरांच्या जागी नावं. मधली जाड शीर म्हणजे वधू-वर, तिच्यातून फुटणाऱ्या शिरा म्हणजे आईवडील, मामा, आत्या, आणि अगदी कडेला बारीक शिरांमध्ये चिल्लीपिल्ली. असं कोणी केलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

“एकच फोटो,” मी म्हटलं. “अन् घरच्यांशिवाय कोणाले दाखवायचा नाई.”

“नाई दाखवत.”

“सोनाळ्यात तर मुळीच नाई.”

“माह्यं घरच सोनाळ्यात हाय,” तो म्हणाला आणि पुन्हा हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत हजर. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, गालावर धूळ.

“पट्टे आले,” तो म्हणाला.

“कायचे पट्टे?”

“फोटोत. काळे काळे, आडवे. नावं दिसूनच नाई राह्यली. आई म्हणे, मामा कोण अन् आत्या कोण काई समजत नाई.”

“दाखवा पाहू.”

“डिलीट केला ना. ठेवून काय करू?”

मला ते पटलं नाही. पण तो गेल्यावर मी माझ्या मोबाईलनं आमच्या स्क्रीनचा फोटो काढून पाहिला. आमचा मॉनिटर म्हणजे जुना जाडजूड डबा आहे. त्याच्यात रंग खरे दिसतात म्हणून मी तो बदलू दिलेला नाही. तर फोटोत खरंच पट्टे. पानावर आडवे दोन काळे पट्टे, कोणी कोळशाचा हात फिरवल्यासारखे. डोळ्यांना स्क्रीन स्वच्छ दिसत होता आणि मोबाईलला असा. म्हणजे पट्ट्यांच्या बाबतीत तरी माणूस खरा होता.

मग तो येतच राहिला. एक दिवस पट्टे आले म्हणून. दुसऱ्या दिवशी मामाचं नाव आत्याच्या नवऱ्याच्या खाली गेलं, घरात भांडण झालं म्हणून. मी मामाला वर घेतलं, त्यानं फोटो काढला. पुढच्या दिवशी पुन्हा पट्टे. मग आत्या रुसली. मी आत्याला मामाच्या शेजारच्या शिरेवर बसवलं. पुन्हा फोटो, पुन्हा पट्टे.

“तुम्ही फोटोग्राफर आहात की नाही?” मी एकदा वैतागून विचारलं.

“लग्नाचा आहो. नवरीच्या अंगावर पट्टे येत नाई.”

“मग स्क्रीनवर काऊन येतात?”

तो माझ्या टेबलाजवळ, पण मधे एक खुर्ची सोडून बसला. एवढं मात्र होतं, तो कधी जवळ सरकला नाही.

“हा पडदा आपल्याले सलग दिसते,” तो म्हणाला. “पण तसा नसते तो. वरून खालपर्यंत सारखा रंगत राह्यते. खाली पोचला का परत वरून. आपला डोळा सावकाश पाह्यते, म्हणून त्याले सारं दिसते. क्यामेऱ्यानं घाईत डोळा मिटला, का जेवढं रंगलं तेवढंच त्याच्यात येते. राह्यलेलं काळं.”

“मग त्यानं घाई करू नये.”

“हो ना. जरा जास्त वेळ पाहू द्याव त्याले. अन् पाह्यताना हात हालू द्यायचा नाई...” तो बोलता बोलता थांबला. “तेच तं जमून नाई राह्यलं मले.”

हे म्हणताना तो कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता. मी पटकन कीबोर्डवरची धूळ झटकायला लागले. धूळ नव्हतीच.

मला बरं वाटत होतं, हे कबूल करते, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती. पंचक्रोशीतलं जे कोणी आमच्या छापखान्याची पायरी चढतं ते मला ताई म्हणतं, सत्तरीचा म्हातारासुद्धा. हा एकदाही म्हणाला नाही. “ऐका ना” म्हणायचा, नाहीतर नुसताच घसा खाकरायचा. आता यात संशय घेण्यासारखं काय आहे, तुम्ही म्हणाल. पण मी घेतला. जो माणूस ताई म्हणायचं टाळतो, त्याच्या मनात नक्की काहीतरी असतं.

एकदा लाईन गेली. कूलर बंद पडला आणि एकदम सगळं चिडीचूप झालं. स्क्रीन काळा झाला, आणि त्या काळ्या काचेत आम्ही दोघं दिसलो. मी पुढे आणि तो मागे, खुर्ची सोडून. तो काचेतल्या माझ्याकडे पाहत होता. मी पाहिलं तरी त्यानं नजर काढली नाही. मग त्यानं हळूच विचारलं, “लाईन कधी येईन?”

“कायले, घाई आहे?”

“नाई,” तो म्हणाला. “मुळीच नाई.”

त्या दिवसापासून मी दुपारी पाणी प्यायला गेले की दोन गिलास धुऊन आणायला लागले. बाबांचा तांब्या वेगळा असतो. बाबांनी ते पाहिलं, पण ते त्यांच्या मोबाईलमध्ये गुंग होते. अलीकडे ते तासन्‌तास मोबाईल नाकाला लावून गालातल्या गालात हसत असायचे. सकाळ झाली की स्टेटसवर फुलं आणि सुविचार टाकायचे. मी कंटाळून त्यांचं स्टेटस केव्हाच म्यूट करून टाकलं होतं.

मग एक दिवस टुनकीचे कारभारी दादा आले. पोरीचं लग्न ठरलं होतं. पिशवीतून त्यांनी एक पत्रिका काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“ताई, असंच पाह्यजे. सोनाळ्याच्या एका लग्नाचं कार्ड हाय. असं पान, अन् असेच पट्टे. पट्टे तेवढे सोडू नोका, पट्ट्यायनं लय शोभा येते.”

माझं पिंपळाचं पान होतं. शिरांच्या जागी नावं. नावं दुसऱ्याच कुटुंबाची, आणि पानावरून आडवे, जरा तिरपे, दोन काळपट पट्टे. हिंमतमामांना वाटलं असणार की हीच नवीन फॅशन. फोटोतून उचललं ते पट्ट्यांसकट उचललं आणि इमानेइतबारे छापलं.

राखीची पत्रिका अजून छापलीसुद्धा नव्हती. ते पान या छापखान्याबाहेरच्या एकाच माणसानं पाहिलं होतं.

कारभारी दादांना मी काय सांगून वाटेला लावलं ते आठवत नाही. चोरीचं दुःख होतंच, टेबल जाणार याचंही होतं. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त दुखलं ते त्या दुसऱ्या गिलासाचं. मी स्वतःला एवढी हुशार समजत होते. मेथी उलटून पाहणारी.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा बाबा जागे होते. मी मुद्दामच जागं ठेवलं होतं.

“जयभीम काका,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “ऐका ना, आजही...”

“आजही पट्टे आले?” मी विचारलं.

“हो.”

मी ती पत्रिका त्याच्यासमोर ठेवली. “हेच का ते?”

त्यानं पत्रिका उचलली. पाहताना त्याचा चेहरा उतरत गेला. “हे कोणी छापलं?”

“तुम्ही सांगा. तुमच्या गावातून आली. पान माझं आहे. ते तुम्हीच पाहिलंय, फोटो तुम्हीच काढलाय, आणि पट्टे तुमच्याच फोटोत येतात. रोज येतात, तुम्हीच सांगता.”

“मी नाई केलं हे.”

“मग कोणी केलं?”

त्यानं बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पत्रिकेकडे. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. निर्दोष माणूस असा गप्प राहतो का? मी आयुष्यात एवढी कधी चिडले नव्हते.

“हिंमतमामांनी काय दिलं तुम्हाले? बहिणीचं कार्ड फुकट छापून देतो म्हणाले? माझं हे टेबल बंद होणार आहे, माहिती आहे? तुमच्यामुळे.”

“मयुरी,” बाबा म्हणाले, “जरा आवाज...”

तो वळला आणि पायरी उतरला. मी म्हटलं, चला, सुटलो. डोळ्यांत पाणी आलं ते मी उन्हाच्या नावावर टाकलं. पण गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही. तो परत वर चढला, गळ्यातला कॅमेरा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

“पाहा,” तो म्हणाला.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर त्यानं फोटो उघडले. पहिल्या दिवसाचा. माझं पान, हिरवंगार, शीर न् शीर स्वच्छ, अगदी कडेच्या चिल्लीपिल्लीपर्यंत नावं वाचता येत होती. पट्टा नव्हता. त्यानं पुढचा उघडला. मामा वर गेलेले, पट्टा नाही. पुढचा. आत्या शेजारी बसलेली, पट्टा नाही. पुढचा, त्याच्या पुढचा. कोरे करकरीत सगळे.

“एकाही दिवशी पट्टे आले नाई,” तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. “स्क्रीनचा फोटो कसा काढाव हे मले पह्यल्यापासून येते. मी तोच धंदा करतो.”

“मंग रोज कायले येत होता बाप्पा?” बाबांनी विचारलं.

कूलर घरघरत होता. धम्मरत्न माझ्याकडे पाहत नव्हता, टेबलाच्या कोपऱ्याकडे पाहत होता.

“काका, तेबी तुमच्यासमोर सांगू काय?”

बाबांनी तोंड उघडलं आणि मग त्यांना समजलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला तर त्यांच्या आधीच समजलं होतं. कानशिलं एवढी तापली की कूलरचा काही उपयोग नव्हता.

“आई पह्यल्याच दिवशी पसंत म्हणाली,” तो सांगत राहिला. आता सुरू झालाच होता तर थांबत नव्हता. “मामा भांडले नाई, आत्या रुसली नाई. ते सारं माह्यं होतं. राखी रोज विचारते, कार्ड छापायले टाकलं काय, अन् मी तिले सांगतो, मॅडमचं काम लय बारीक असते. खोटं बोललो मी. पण चोरी नाई केली.”

म्हणजे माझा संशय खरा होता. माणूस पहिल्या दिवसापासून लपवतच होता काहीतरी. फक्त मी शोधत होते ते नाही.

“मग हे कोणी केलं?” मी पत्रिकेवर बोट ठेवलं, कारण दुसरं कशावर ठेवायचं ते कळत नव्हतं.

त्यानं पत्रिका हातात घेतली. आता तो फोटोवाला झाला होता.

“हा मोबाईलचा फोटो हाय. अन् उभ्यानं नाई काढला. पान पाहा, एका बाजूनं दबलं, पट्टे तिरपे आले. बसून काढला. बाजूच्या...” त्यानं हात वर करून दिशा दाखवली. “...बाजूच्या खुर्चीतून.”

त्याचं बोट बाबांकडे होतं. ते लक्षात येताच त्यानं हात झटकन खाली घेतला.

बाबा चष्मा पुसतच होते. काच आता झिजेल असं वाटायला लागलं.

“बाबा,” मी म्हटलं.

“मी तं कोणाले देत नाई,” बाबा म्हणाले. “फक्त स्टेटसले ठेवतो.”

“काय ठेवता?”

“तुह्ये कार्डं. तू पाणी प्यायले जातं ना, तवा एक फोटो काढून घेतो. लोकायले कळलं पाह्यजे ना बाई, माही पोरगी काय करते ते. सारे नातेवाईक पाह्यतात. हिंमतराव तं पह्यला आंगठा देते.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी गावभर चोर शोधत होते, आणि चोर माझ्या बाजूच्या खुर्चीत तोंडावर पेपर घेऊन झोपत होता. मी बाबांचा मोबाईल घेतला आणि त्यांनी जपून ठेवलेली जुनी स्टेटस पाहिली. पत्रिकेमागून पत्रिका, सगळ्या तिरप्या, सगळ्यांवर कुठे फिके, कुठे काळे पट्टे, आणि प्रत्येकीखाली बाबांनी लिहिलेलं एकच वाक्य. ‘माझ्या मयुरीचे काम.’

रागवायला गेले आणि रडायला आलं. बाबांनी तोंडानं कधी म्हटलं नव्हतं की छान झालंय. टेबल उचलू म्हणायचे, तेवढंच. आणि तिकडे अख्ख्या गणगोताला सांगत होते.

“तुले राग येईन म्हणून नाई सांगतलं,” बाबा पुटपुटले. “हिंमतराव असं करीन, मले काय माहीत. तो तं म्हणे, लय सुंदर, अजून पाठवा.”

या गडबडीत धम्मरत्ननं कॅमेरा गळ्यात घातला होता.

“कार्ड छापून टाका,” तो पायरीवरून म्हणाला. “राखीचा भासरा, नवरदेवाचा मोठा भाऊ, येईन न्यायले. मी आता येत नाई.”

यावेळी गाडी लगेच सुरू झाली. मी त्याला थांबवलं नाही. जिभेवर शब्द होते, पण चोर म्हटलेल्या माणसाला लगेच दुसरं काय म्हणणार?

राखीच्या पत्रिका मी छापल्या. एक-एक शीर पाहून घेतली. बाबांनी हिंमतमामांना फोन लावला आणि त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेली धार होती. मामा म्हणे, घरातलंच समजून घेतलं. बाबा म्हणाले, “घरातलं हाय तं मांडणाऱ्या पोरीचं नाव छापत जाय ना खाली.” पुन्हा टेबल उचलायची भाषा त्यांनी केली नाही. कारभारी दादांना मी पट्ट्यांची पत्रिका करून दिली. पट्टे आमच्याच घरचे होते, मग लाज कसली? मी त्यांचे निळे केले आणि पानामागून नदी वाहते असं मांडलं. दादा खूश झाले.

सगळं जागेवर आलं होतं. पण दुपारी मी पाणी प्यायला गेले की हात आपसूक दोन गिलास धुवायचे, आणि बाहेर येऊन एक परत ठेवायला लागायचा. मला कोणी सांगितलं नव्हतं की संशय गेल्यावर एवढं रिकामं वाटतं.

शेवटी मीच फोन केला.

“राखीच्या कार्डात एक चूक राहिली,” मी सांगितलं. “यावं लागेल.”

“भासरा येईन ना...”

“त्यांना नाही समजणार ती चूक.”

पलीकडे गाडीच्या किल्लीचा आवाज आला. मग, “येतो.”

तो आला त्या दुपारी वावधान सुटलं होतं. रस्त्यावरची धूळ, पाचोळा, कोणाच्या तरी मांडवाची कनात, सगळं उडत होतं. तो आत शिरला आणि त्याच क्षणी लाईन गेली. बाबा खुर्चीत पेपरखाली होते. मी दार लोटलं आणि आम्ही दोघं त्या काळ्या स्क्रीनसमोर बसलो. मधे ती खुर्ची होतीच.

“चूक कोणती?” त्यानं विचारलं.

“मी चोर म्हटलं तुम्हाले. ती.”

“खोटारडा म्हटलं असतं तं बरोबर होतं.”

“ते पण म्हणणार होते. तुम्ही थांबला नाही.”

तो हसला नाही, पण हसायच्या जवळ आला. बाहेर टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले आणि मातीचा वास दाराच्या फटीतून आत आला. मी गिलास पुढे केला. त्यानं घेतला, आणि माझ्या हाताला त्याचा हात लागला. दोघांनीही तो चटकन काढला नाही.

“ताई काऊन नाही म्हणाले कधी?” मी विचारलं.

“तोंडातून निघेच नाई,” तो म्हणाला. “पह्यल्या दिवशी लय प्रयत्न केला.”

तेवढ्यात लाईन आली. कूलर घरघरला, आणि मी कॉम्प्युटर सुरू केला. आमचा डबा नेहमीसारखा सावकाश उजळला. त्याच्यावर एक नवीन पान होतं. पिंपळाचंच, पण कोवळं, तांबूस. शिरा सगळ्या काढलेल्या. मधली जाड शीर मात्र रिकामी.

“नावं कुठी हाय?”

“टाकायची आहेत.”

“कोणाचं कार्ड हाय?”

“गिऱ्हाईक अजून हो म्हणालं नाही.”

“विचारलं काय त्याले?”

इथवर आल्यावर मागे काय फिरायचं? “आता विचारून राह्यली ना,” मी म्हटलं.

तो पानाकडे पाहत राहिला. सावकाश. मग काही न बोलता त्यानं कॅमेरा काढला, कागदाचे दोन गठ्ठे एकावर एक ठेवून त्यावर तो टेकवला, आणि वाकला. खट्‌ आवाज व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. त्यानं मागच्या काचेवर फोटो पाहिला आणि गंभीर तोंड करून माझ्याकडे वळला.

“पट्टे आले,” तो म्हणाला.

मी कॅमेरा हातात घेऊन पाहिला. पान स्वच्छ होतं. शीर न् शीर.

“हो ना,” मी म्हटलं, “लय आले. असा फोटो घरी कसा दाखवणार?”

“मंग उद्या परत येऊ लागते.” त्यानं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. “काकाले विचारतो. काका, उद्या येऊ काय?”

बाबांच्या तोंडावरचा पेपर अजिबात हलत नव्हता. श्वास रोखून ऐकत होते ते. मग पेपरखालून एक घोरण्याचा आवाज आला, चांगला मोठा, मुद्दाम काढलेला.

“हो म्हणाले,” मी सांगितलं.